काखेत डिओ, गावाला वळसा

मे महिन्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून सुटणारी सांगलीची एसटी कधी पकडलीय? नसेल, तर डिओ या विषयातलं तुमचं शिक्षण अजून अर्धवट आहे, बॉस!

सीन असा असतो. पाच दिवस हिंजवडी-खराडीच्या एसीत थंडगार झालेली पब्लिक पाठीवर लॅपटॉप अडकवून गाडीत कोंबली जाते. कात्रज सुटेपर्यंत सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. खंबाटकीत गाडी अडकली की कुणीतरी सॅकचा कप्पा उघडतो, हात शर्टाच्या आत घालतो आणि... फुस्स्स! मग दुसरा. मग तिसरा. घाम, डिझेल, कुणाच्यातरी डब्यातली लसणाची चटणी आणि त्यावर तीन वेगवेगळ्या ब्रँडचे डिओ. खिडकीजवळच्या काकू खोकत खोकत काच सरकवतात आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आंघोळ करून बसायचं की रे बाबांनो!"

मी त्याच पब्लिकमधली. डिओ माझ्याही सॅकमध्ये असतोच. पण तो बाहेर काढताना मला हमखास साताऱ्याची आत्या आठवते. त्याचं कारण सांगते.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. रोज साताऱ्याहून कोरेगावच्या बाजूला एसटीनं जाऊन-येऊन. २०१६ मध्ये माझा पहिला पगार झाला तेव्हा तिला विचारलं, "आत्या, काय आणू?" साडी नको, पर्स नको, घड्याळ आहे. बरेच आढेवेढे घेतल्यावर हळूच म्हणाली, "तुम्ही पोरी काखेत लावता ते काय असतं गं? शेवटच्या तासाला फळ्यावर हात वर करायचा म्हणजे लाज वाटते बघ. ब्लाउज नुसता भिजलेला. पोरं हसतात."

एवढी वर्षं ही बाई दुपारनंतर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत होती! आणि घरात कुणाला याचा पत्ता नाही. मी दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये जाऊन चांगला रोल-ऑन अँटिपर्स्पिरंट आणला. महिन्याभरानं तिचा फोन आला, "आता पार वरच्या टोकापासून लिहिते." मला तेव्हा जे वाटलं ते कुठल्याही अप्रेझलमध्ये वाटलेलं नाही. त्यानंतर दर दिवाळीला फराळाच्या आधी तिच्या हातात रोल-ऑन पडायचा. आमचं दोघींचं सिक्रेट.

मग २०२३ उजाडलं. आत्याच्या छातीत गाठ लागली. आमचं घर सांगलीला, म्हणून बाबांनी तिला तिकडेच आणलं आणि मिरजेला दाखवायचं ठरलं. मिरज म्हणजे आमच्याकडे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून अख्ख्या भागाला सवयच लागलीय की दुखणं मोठं असेल तर मिरज गाठायची. आम्ही ज्या सेंटरला गेलो तिथे मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर एक पाटी होती. तपासणीला येताना काखेत किंवा छातीवर डिओ, पावडर, क्रीम लावू नये, अशा अर्थाची.

आत्यानं पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. आणि योग बघा, त्याच आठवड्यात आमच्या 'परिवार' ग्रुपवर कुणीतरी ते जगप्रसिद्ध फॉरवर्ड टाकलं होतं: 'डिओमुळे घाम अडतो, विष आत साठतं आणि कॅन्सर होतो, सर्व भगिनींना पाठवा.' आत्यानं दोन आणि दोन चार केले. गणिताचीच बाई ती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू दिलेल्या त्या बाटलीनं नसेल ना गं?"

माझ्या पोटात जो गोळा आला तो विचारू नका.

मी काही डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून महिनाभर मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एवढं एकच वाचत होते. पहिलं उत्तर मात्र तिथल्या तिथेच मिळालं, आणि तेही तपासणी करणाऱ्या ताईंकडून. अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. त्याचे कण त्वचेवर राहिले तर मॅमोग्राफीच्या फोटोत पांढरे ठिपके दिसतात. कॅन्सरच्या सुरुवातीला कधी कधी चुन्यासारखे जे बारीक कण जमतात, तेही असेच दिसतात. म्हणजे नसलेला रोग दिसायचा नाहीतर असलेला गोंधळात पाडायचा. म्हणून ती पाटी! फोटो स्वच्छ यावा यासाठी. ज्या सूचनेचा अर्थ एवढाच होता, तिच्यातून बायका 'डिओनं कॅन्सर होतो' हे घेऊन घरी जातात. आत्याही तेच घेऊन निघाली होती.

फॉरवर्ड मात्र पाटीपेक्षा चिवट निघालं. हे काही व्हॉट्सअ‍ॅपचं बाळ नाही, बरं का. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मोडेमच्या किर्रर्र आवाजाच्या काळात, हेच पत्र इंग्रजीतून ई-मेलनं फिरत होतं. त्यातला पहिला मुद्दा असा, की घामातून शरीरातलं विष बाहेर पडतं. ऐकायला एकदम पटतं! पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. तो अंग थंड करायला येतो. कचरा काढायचं खातं लिव्हर आणि किडनीकडे आहे, काखेकडे नाही. दुसरा मुद्दा: गाठी काखेकडच्या बाजूलाच जास्त होतात. हे खरं आहे. पण त्या बाजूला स्तनातल्या ग्रंथींची पेशी-वस्तीच दाट असते. जिथे घरं जास्त तिथे चोऱ्या जास्त, त्यातला प्रकार.

आता अभ्यासांचं. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी २००२ मध्ये कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ बायकांना विचारून बघितलं. डिओ, अँटिपर्स्पिरंट, शेव्हिंगनंतर लगेच लावणं, सगळं. काही संबंध सापडला नाही. २००४ मध्ये इंग्लंडच्या एका टीमला गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन ही टिकवण्यासाठी घालतात ती रसायनं सापडली, आणि पेपरांनी हेडलाइन केली. पण निरोगी भागात ती आहेत की नाहीत हे त्यात तपासलेलंच नव्हतं. २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात ४० बायकांचे नमुने घेतले. त्यातल्या सात जणींनी आयुष्यात कधी काखेला काही लावलं नव्हतं, तरी त्यांच्यातही पॅराबेन निघालं! ते क्रीममधून येतं, खाण्यातून येतं, शंभर वाटांनी येतं.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर माझ्यात आणि त्या फॉरवर्डमध्ये फरक काय? २०१७ मध्ये ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला, २०९ रुग्ण बायका आणि तेवढ्याच निरोगी बायका अशी तुलना झाली. ज्या म्हणाल्या की आम्ही तिशीच्या आधीपासून दिवसातून अनेकदा ही उत्पादनं वापरत आलोय, त्यांच्यात धोका जास्त दिसला. हा कागद वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मग हळूहळू त्यातली अडचण लक्षात आली. सगळं आठवणीवर अवलंबून आहे. ज्या बाईला कॅन्सर झालाय ती स्वतःच्या भूतकाळात गुन्हेगार शोधत असते. आत्या नाही का, आठ वर्षांतली एकेक बाटली मोजत होती! आणि तीस वर्षांपूर्वी दिवसातून किती वेळा लावत होता, हे तुम्हाला तरी सांगता येईल?

युरोपियन युनियनच्या ग्राहक-सुरक्षेच्या वैज्ञानिक समितीनं हे सगळं समोर ठेवून २०२० मध्ये मत दिलं आणि २०२३ मध्ये पुन्हा तपासलं. रोल-ऑन आणि स्टिकमध्ये ६.२५ टक्क्यांपर्यंत, स्प्रेमध्ये १०.६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅल्युमिनियम सुरक्षित. कारण त्वचेतून आत जातं ते फारच थोडं, दहा लाखांत साधारण पाच भाग. त्यापेक्षा कितीतरी जास्त आपण खाण्यातून घेतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच-आमसूल घालून आमटी उकळतो आणि अ‍ॅसिडिटी झाली की वर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच असलेलं गुलाबी औषध ढोसतो. ज्यांच्या किडन्या नीट चालत नाहीत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावं. त्यांच्या शरीरातून हे बाहेर पडत नाही. अमेरिकेत तशी सूचना बाटलीवरच असते.

एवढं सगळं वाचून मी आत्याला समजवायला साताऱ्याला गेले, तर तिथे आधीच एक शेजारीण काकू हजर! "ते केमिकल सोडा आता. मी सांगते, तुरटी वापरा. एकदम नैसर्गिक."

मला हसावं की रडावं कळेना. तुरटी म्हणजे काय? पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं सल्फेट. अ‍ॅल्युमिनियम! ज्या राक्षसाला दारातून हाकललं तोच खिडकीतून आत आला. आमच्या सांगलीला तुरटीचं कौतुक सांगायला नको. कृष्णेला लाल पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची आणि गाळ बसायची वाट बघायची, हे आजीच्या पिढीपासून चालत आलेलं. सलूनमधला दादा दाढी झाल्यावर गालावर तीच फिरवतो. ती त्वचा आकसते, जंतूंना आवर घालते, म्हणून काखेचा वास खरंच कमी होतो. वापरा की खुशाल! दहा-वीस रुपयांत खडा येतो. फक्त 'केमिकल नाही म्हणून' वापरू नका. ऑनलाइन हीच तुरटी गुळगुळीत करून, 'क्रिस्टल डिओ' म्हणून, डबीवर पान-फूल छापून काही शे रुपयांना विकतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्या पूर्वजांनी याच डबीकडे बघून केली असावी.

(लिंबू आणि खायचा सोडा चोळायचा सल्ला देणारेही भेटतील. हात जोडून सांगते, नको. एक जहाल आंबट, दुसरा जहाल खारा. मध्ये तुमची कातडी.)

मग डिओ अगदी निर्दोष का? छे! त्याचे ताप आहेतच. पण ते वेगळेच आहेत आणि त्यांची फॉरवर्ड कुणी पाठवत नाही.

पहिला ताप माझ्याच काखेनं भोगलाय. वॅक्सिंग केलं आणि पाच मिनिटांत फुस्स्स, कारण पार्टीला जायचं होतं. त्यातलं अल्कोहोल झोंबलं ते झोंबलंच, वर सुगंधाची अ‍ॅलर्जी उठली. आठ दिवस हात शरीरापासून लांब धरून पैलवानासारखी चालत होते. पुरळ गेलं, काळेपणा मात्र पुढे कित्येक महिने राहिला. काख काळी झाली म्हणून आपण गोरं करणारं क्रीम शोधतो. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, "आधी जे लावताय ते थांबवा." डिओमधला सर्वांत मोठा गुन्हेगार बहुतेक वेळा त्याचा सुगंधच असतो. म्हणजे ज्यासाठी आपण तो घेतो तेच. त्रास होत असेल तर बिनवासाचा रोल-ऑन घ्यावा, आणि वॅक्सिंग किंवा शेव्हिंगनंतर एक रात्र तरी काखेला सुट्टी द्यावी.

दुसरा ताप गॅसचा. स्प्रेच्या डब्यात पूर्वी ओझोनला भोक पाडणारे सीएफसी वायू असायचे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते गेले आणि त्यांच्या जागी ब्यूटेन, प्रोपेन आले. म्हणजे काय? आपल्या शेगडीतल्या सिलिंडरचेच भाऊबंद. ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण तो एप्रिलमध्ये विश्रामबागला उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून भडंग आणायला जातो! जानेवारी २०२५ मध्ये नालासोपाऱ्यात एका घरात पर्फ्युमच्या बाटल्यांवरची तारीख बदलण्याचा उद्योग चालू असताना स्फोट झाला आणि एकाच घरातली चार माणसं भाजली. बंद बाथरूममध्ये गीझर पेटलेला असताना किंवा देवघरात निरांजन लावलेलं असताना फवारे मारणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवा. २०२१ मध्ये अमेरिकेत काही नामांकित स्प्रेंमध्ये बेन्झीन सापडलं, तेव्हा कंपनीला माल परत घ्यावा लागला. बेन्झीननं कॅन्सर होतो यात काही वाद नाही. गंमत म्हणजे तो आला तो बहुधा त्या ढकलणाऱ्या वायूतून. काखेतल्या ज्या रसायनाला आपण वीस-पंचवीस वर्षं शिव्या देतोय त्याचा यात काही हात नाही.

आणि दम्याचं माणूस शेजारी बसलेलं असतं, त्याचं काय? एसटीतल्या त्या काकूंचा खोकला खरा होता हो.

तिसरा ताप म्हणजे पांढऱ्या शर्टाच्या काखेतले पिवळे डाग. ते घामाचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे मिळून असतात. ते लावून, वाळू देऊन मग शर्ट घालणाऱ्यांचे शर्ट जास्त टिकतात. बास, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पण सगळ्यांत मोठा घोळ कुठला माहितेय? आपल्याला जे हवंय ते आपण विकतच घेत नाही! घामाला मुळात वास नसतो. काखेतला दाटसर घाम तिथले जंतू खातात आणि वास करतात. डिओ त्या जंतूंना मारतो आणि वर सुगंध शिंपडतो. घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंट घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी तात्पुरतं बूच लावतं, म्हणून घामच कमी होतो. आपल्याकडे दुकानात 'डिओ' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं नुसता बॉडी स्प्रे असतं. ज्याला घामाचा त्रास आहे तो दिवसातून पाच वेळा ते मारतो, शर्ट भिजतो तो भिजतोच, वर अ‍ॅलर्जी फुकट.

आमच्या टीममध्ये तासगावचा एक मुलगा आहे. हुशार, कोडिंगमध्ये वाघ. पण क्लायंट आला की बाथरूममध्ये गायब. आम्हाला वाटायचं, इंग्रजीचा न्यूनगंड. एकदा चहाच्या टपरीवर त्यानं स्वतःच हात पुढे केला. तळव्यावरून अक्षरशः पाणी ठिबकत होतं. लहानपणापासून. दहावीच्या पेपरखाली रुमाल ठेवून लिहायचा. शेकहँडला घाबरून त्यानं दोन इंटरव्ह्यू सोडले होते, आणि सॅकमध्ये डिओचे तीन डबे! याला वैद्यकीय नाव आहे, हायपरहायड्रोसिस, आणि त्यावर औषधं आहेत. जास्त तीव्रतेचं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड रात्री लावायचं, तळहातांसाठी पाण्यातून सौम्य वीज सोडायचं यंत्र असतं, काखेत बोटॉक्सची इंजेक्शनंही देतात. २८ वर्षं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे डॉक्टरला दाखवायचं असतं. आता त्याचे उपचार चालू आहेत. परवा क्लायंटच्या हातात हात दिला आणि आमच्याकडे बघून डोळा मारला.

ही लाज आली कुठून, तेही वाचताना सापडलं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका सर्जननं ऑपरेशन करताना हाताला घाम येऊ नये म्हणून एक औषध बनवलं होतं. त्याच्या मुलीनं, एडना मर्फीनं, ते 'ओडोरोनो' नावानं काखेसाठी विकायला काढलं. रंग लाल, आणि एवढं अ‍ॅसिड की कपडे जळायचे. सुरुवातीला खप बेताचाच. मग १९१९ मध्ये जेम्स यंग या जाहिरातवाल्यानं बायकांच्या मासिकात जाहिरात दिली. तिचा मथितार्थ असा, की बाई गं, तुझ्या काखेला वास येतोय, तुझ्या पाठीमागे सगळे बोलतायत आणि तुलाच ते माहीत नाही. सुमारे दोनशे वाचक बायकांनी चिडून मासिक बंद केलं. आणि वर्षभरात खप दुपटीच्या वर गेला! फॉर्म्युला सापडला तो सापडलाच. आपल्याकडे त्याचंच उलटं रूप आलं, फवारा मारा आणि पोरी धावत येतील. हे इतकं वाढलं की २०११ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाला अशा जाहिरातींवर बडगा उगारावा लागला. तरी जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीवर एवढा संताप उसळला की मंत्रालयानं ती काढायला लावली.

आता आत्याचं. सहा महिन्यांत ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. केस गेले, परत आले, आता कुरळे आलेत. त्या काळात एकदा रात्री ती माझ्याशी बोलत बसली होती. मी माझे सगळे अभ्यास, टक्केवाऱ्या, सिएटल आणि इन्सब्रुक तिच्यापुढे मांडले. गणिताच्या बाईसारखं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मधेच एक आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाली, "बाटलीचं राहू दे गं. एक सांगते, तुझ्या बाबाला बोलू नको. गाठ मला चार महिने आधीच हाताला लागली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"लाज वाटली."

मी गप्प बसले. घामाची लाज वाटली तेव्हा तिनं मला सांगितलं होतं. त्यासाठी बाजारात बाटली होती, मी दुकानात जाऊन आणू शकले. या दुसऱ्या लाजेसाठी काय आणायचं होतं? ग्रुपवर डिओचं फॉरवर्ड वर्षातून तीनदा येतं, पण छातीला गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा असं सांगणारं एकही मी आजवर पाहिलेलं नव्हतं. त्या रात्री मी ते स्वतःच लिहून ग्रुपवर टाकलं. खाली दोन नमस्काराचे हात आले आणि एका काकांनी गुड नाइटचं फूल टाकलं. पण सकाळी माझ्या एका चुलतबहिणीचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. "ताई, कुठल्या डॉक्टरांना दाखवलं होतं गं?" तिची गाठ साधी निघाली. पण तिनं आठवड्यात दाखवलं.

आत्याची दरवर्षीची तपासणी मिरजेलाच असते. यंदा आदल्या रात्री तिचा फोन आला.

"उद्या काही लावायचं नाही ना?"

"नाही. पावडरसुद्धा नाही."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर लाव की."

"मग येताना तो नवा रोल-ऑन घेऊन ये. तपासणी झाली की सांगली स्टँडवरून तीनची गाडी पकडायचीय. मे महिना आहे. पेठ नाका येईपर्यंत माणसाचं काय होतं, तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे ना! मी फक्त एकच अट घातली. गाडीत बसायच्या आधी लावायचा. खिडकीतल्या काकूंना त्रास नको.